जटपुरा ते अंचलेश्वर, न बोलता

चाचणीचा माणूस स्कूटरवर बसून आला. त्याने चालत येणं अपेक्षित होतं.

मी अंचलेश्वर गेटखाली क्लिपबोर्ड घेऊन उभी होते. शेजारी आमचे बॉस, ठवरे सर. स्कूटर चालवणारे गृहस्थ आम्हा दोघांनाही अनोळखी होते. मागे बसलेले नाशिकचे मास्तर मात्र चांगलेच ओळखीचे, कारण सकाळी मीच त्यांना जटपुरा गेटला सोडलं होतं आणि एका गल्लीत ते दिसेनासे होईपर्यंत मागून चालले होते. त्यांच्या हातात एक पिशवी होती. पिशवीत लोणच्याची बरणी.

मास्तरांनी उतरता उतरता खुलासा केला की हे भाऊ म्हणाले, एवढ्या उन्हात कुठे चालता. त्याआधी दुसऱ्या एका घरी पोहे झाले होते, वर तर्री घातलेले. तिसऱ्या घरी लोणचं. माणसं फार चांगली आहेत, असं ते दोनदा म्हणाले.

सरांनी माझ्या हातातला चाचणीचा तक्ता घेतला. त्यात प्रत्येक वळणापुढे दोन रकाने होते : ‘स्वतः वळले’ आणि ‘मदत घेतली’. पहिला रकाना पूर्ण कोरा होता.

मी साइनेजचं काम करते. साइनेज म्हणजे पाट्या, बाण आणि नकाशे. अनोळखी माणसाने कोणालाही न विचारता हव्या त्या ठिकाणी पोचावं, एवढंच आमचं काम. दवाखान्यात एक्स-रेची खोली कुठे, जंगलाच्या गेटवर तिकीट कुठे, हे सांगणारा बाण कोणीतरी विचार करून लावलेला असतो. आमच्याकडे तो मी लावते. चामोर्शीच्या बाजारात शौचालयाकडे नेणारा बाण माझाच आहे आणि त्याबद्दल आजवर एकही तक्रार नाही.

हे काम मात्र माझ्या जिव्हाळ्याचं होतं. चंद्रपूरच्या जुन्या शहरातून सेल्फ-गाइडेड वॉक. गाइड नाही, माइक नाही. पाहुण्याने जटपुरा गेटला पहिली पाटी वाचायची आणि बाणांच्या मागे चालत सुटायचं. रामाळा तलावाच्या बाजूने परकोट, म्हणजे गोंड राजांनी शहराभोवती बांधलेली दगडी भिंत, मग बगड खिडकी, मग भानापेठेकडच्या गल्ल्या, आणि शेवट अंचलेश्वर गेट. खिडकी म्हणजे इथे परकोटातला छोटा दरवाजा. मोठ्या दरवाजांना गेट म्हणतात, छोट्यांना खिडकी. आम्हाला त्यात काही विशेष वाटत नाही, पाहुण्यांना समजावून सांगावं लागतं. त्यासाठी पाटी आहे.

जिथे दोन रस्ते फुटतात त्या जागेला आम्ही डिसिजन पॉइंट म्हणतो. तिथे बाण हवाच. लांब सरळ रस्त्यावर माणसाला शंका यायला लागते, तिथे एक छोटी खूण पुरते : तुम्ही बरोबर चालला आहात. आणि सगळं लावून झालं की ज्याने हे गाव कधीच पाहिलेलं नाही असा माणूस आणून सोडायचा. त्याला म्हणतात कोल्ड वॉकर. त्याने कोणाशी बोलायचं नाही, फोन काढायचा नाही. मी मागून अंतर ठेवून चालते आणि काहीही झालं तरी मध्ये पडत नाही. तो पोचला तर बाण पास.

हे सगळं पुण्यात उत्तम चालत असेल. चंद्रपुरात माणूस पाटीसमोर उभा राहिला की पाटी वाचू देत नाहीत. तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटणारा हात थांबतो, दुकानातून मान बाहेर येते, आणि सुरू : “कुठी जाऊन राह्यले भाऊ?” उत्तर नाही दिलं तर माणसाला बरं नसेल म्हणून पाणी आणतात.

ठवरे सरांनी त्याच दिवशी निकाल लावून टाकला. क्लायंट आणखी एक चाचणी बघेल. तीही अशीच झाली तर परकोटाचा आणि गल्ल्यांचा भाग कापायचा. वॉक सरळ मेन रोडने न्यायचा. मेन रोडवर चुकायला जागाच नाही.

“बघायलाही काही नाही, सर,” मी म्हटलं. “मोबाइलची दुकानं आहेत.”

“पण मदत लागत नाही ना?” सर म्हणाले आणि त्यांनी नकाशावर पेन्सिलने एक सरळ रेघ ओढली. त्या रेघेच्या डाव्या बाजूला माझं आठ महिन्यांचं काम उरलं. त्यात एक गल्ली अशी होती जिथे मी लहानाची मोठी झाले. हे मी प्रस्तावात लिहिलं नव्हतं. लिहिलं असतं तर सरांनी ती गल्ली आधीच कापली असती.

त्या संध्याकाळी मी उपाय लिहून काढले. ‘कृपया पाहुण्यांना मदत करू नये’ अशी पाटी लावणे. ती वाचून चंद्रपूरकर पाहुण्याला थांबवून विचारतील, काऊन करू नये? उपाय रद्द. भर मे महिन्यात दुपारी चाचणी घेणे. रस्त्यावर कोणी नसेल, पण शेवटी वॉकरही नसेल. रद्द. सगळ्या दुकानदारांची मीटिंग घेणे. मीटिंगला सगळे येतील, ऐकणार कोणी नाही. रद्द.

मग पुष्पाबाई आठवली.

पुष्पाबाई बगड खिडकीजवळ फुलं विकते. मला फ्रॉकमध्ये असल्यापासून ओळखते. या शहरात एखादी गोष्ट सगळ्यांना कळवायची असेल तर ती पुष्पाबाईला सांगायची आणि वर म्हणायचं, कोणाला सांगू नको. मी दुसऱ्या दिवशी तिच्याकडून मोगऱ्याचा गजरा घेतला आणि सहज म्हटल्यासारखं म्हटलं, “रविवारी पुण्याचे एक साहेब येणार आहेत, जटपुऱ्याहून चालत. त्यांचं मौन आहे. त्यांच्याशी कोणी बोललं तर मोडेल म्हणतात.”

पुष्पाबाईचे हात थांबले. “कायचं मौन व माय?”

“ते मला नाही माहीत. मोठा माणूस आहे. तू कोणाला सांगू नको.”

“मी कायले सांगतो,” पुष्पाबाई म्हणाली आणि समोरच्या इस्त्रीवाल्याकडे बघायला लागली.

यात मी खोटं काही बोलले नव्हते. वॉकरला बोलायची परवानगी नव्हती, हे खरंच होतं. मी फक्त कारण बदललं.

रविवारी पुण्याचे ते साहेब, सबनीस, आले. निवृत्त इंजिनिअर, पांढरा कुर्ता, पांढरी दाढी, खांद्याला कापडी पिशवी. त्यांना बघून कोणीही हात जोडले असते. नियमांच्या बाबतीत पक्का माणूस हवा असं मी कळवलं होतं, दिसायला कसा हवा हे कळवायचं राहिलं होतं. मी त्यांना जटपुरा गेटखाली सोडलं, ठरल्याप्रमाणे मागे झाले आणि चालायला लागले.

पहिल्या पाटीजवळ चार माणसं उभी होती. सबनीसांनी पाटी वाचली. चौघांनी हात जोडले. सबनीसांनीही हात जोडले. कोणी एक शब्द बोललं नाही. सबनीस बाणाप्रमाणे डावीकडे वळले आणि मी तक्त्यात ‘स्वतः वळले’पुढे पहिली खूण केली. एवढी सुंदर खूण मी आयुष्यात केली नव्हती.

तलावाच्या बाजूलाही तसंच. दुकानांतून माना बाहेर येत होत्या, हात जोडले जात होते, माना आत जात होत्या. एका बाईंनी पोराच्या तोंडावर हात ठेवला. सबनीस परकोटाचे दगड बघत, खुणा शोधत, आरामात चालले होते. मग मी मागे वळून बघितलं. माझ्या मागे वीस-पंचवीस माणसं चालत होती. सगळी गप्प. चंद्रपुरात एवढी माणसं एकत्र आणि गप्प मी फक्त मैतीला पाहिली आहेत.

बगड खिडकीपुढच्या तिठ्यावर सगळं अडलं.

तिथे माझा सगळ्यात महत्त्वाचा बाण होता. उजवीकडे गेलं तर माणूस मेन रोडला लागतो, डावीकडे गेलं तर माझी गल्ली. शनिवारी संध्याकाळपर्यंत तो बाण होता, मी स्वतः पुसला होता. रविवारी सकाळी त्याच्यावर फ्लेक्स होता. वॉर्डातल्या बंटीभाऊंचा वाढदिवस. बंटीभाऊ गॉगल लावून, फोन कानाला, दोन्ही बाजूंनी बारक्या बारक्या फोटोंतले शुभेच्छुक. बाण त्यांच्या पोटाच्या बरोबर मागे.

सबनीस थांबले. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. मी जागची हलू शकत नव्हते. हललं की चाचणी बाद. उजवीकडे वळले तरी बाद.

आता त्या तिठ्यावर तीसेक चंद्रपूरकर उभे होते आणि त्यांतल्या प्रत्येकाला रस्ता माहीत होता. त्यांचे चेहरे मी विसरणार नाही. इस्त्रीवाल्याने तोंड उघडलं आणि बायकोने कोपर मारलं तसं मिटलं. एक आजोबा तर पाठ फिरवून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, आपल्याच्याने राहवणार नाही म्हणून.

सबनीस उजवीकडे एक पाऊल सरकले.

पुष्पाबाई उठली. ती बोलली नाही. ती गर्दीतून चालत गेली आणि एका माणसासमोर जाऊन उभी राहिली. तेव्हा मला दिसलं की बंटीभाऊ स्वतः तिथेच आहेत, साहेबांचं दर्शन घ्यायला आलेले. पुष्पाबाईने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग फ्लेक्सकडे, मग पुन्हा त्यांच्याकडे. बंटीभाऊंनी मान हलवली, नाही म्हणून. पुष्पाबाईने कमरेवर हात ठेवले. तिच्या मागे इस्त्रीवाल्याची बायको येऊन उभी राहिली. तिच्या मागे आणखी दोघी. या सगळ्या बायकांनी बंटीभाऊंना नागडं फिरताना पाहिलेलं होतं.

बंटीभाऊ गेले, पायरीवर चढले आणि स्वतःच्या हातांनी स्वतःचा वाढदिवस सोडला. दोरी सुटली, बंटीभाऊ गॉगलसकट खाली आले, आणि मागून माझा बाण निघाला. निळा, स्वच्छ, डावीकडे.

सबनीसांनी बाण पाहिला आणि डावीकडे वळले.

मी तक्ता पुढे धरला आणि विचार केला. ‘स्वतः वळले’ की ‘मदत घेतली’? रस्ता कोणी सांगितला नव्हता. अडथळा काढला होता. आमच्या धंद्यात याला मेंटेनन्स म्हणतात. मी खूण केली.

अंचलेश्वर गेटला ठवरे सर उभे होते. त्यांना आधी सबनीस दिसले, मग सबनीसांच्या हातातला नारळ, मग मागची माणसं. सरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, “नारळ कशाचा?”

“स्वागताचा,” मी म्हटलं. “न मागता मिळाला. तक्त्यात त्याचा रकाना नाही.”

सरांनी सबनीसांना नियमाप्रमाणे विचारलं, वाटेत कोणी मदत केली का, कोणी रस्ता सांगितला का. सबनीस पक्के माणूस. त्यांनी आठवून आठवून सांगितलं की पूर्ण रस्त्यात त्यांच्याशी कोणीही एक अक्षरही बोललं नाही. सरांनी पेन्सिलीची रेघ खोडरबराने खोडली. मी तो खोडरबर जपून ठेवणार होते, पण तो सरांचा होता.

इथे हा किस्सा संपायला हवा होता. पण कोल्ड वॉकरला लेखी अहवाल द्यावा लागतो, आणि सबनीसांनी तो मन लावून लिहिला. बाण उत्तम. खुणा पुरेशा. परकोट आणि बगड खिडकीपुढची गल्ली हा वॉकचा सर्वांत सुंदर भाग, तो कोणत्याही परिस्थितीत ठेवावा. हे वाक्य मी मोठ्याने वाचून दाखवलं. पुढचं वाक्य सरांनी वाचलं : स्थानिक लोक अत्यंत सभ्य, मात्र कमालीचे अबोल आहेत. पाहुण्याशी संवाद साधण्याचा त्यांना संकोच वाटतो. त्यासाठी त्यांना प्रशिक्षण द्यावं.

क्लायंटला सूचना पसंत पडली. महिन्याभरात माझ्याकडे नवीन काम आलं. परकोटालगतच्या रहिवाशांनी पर्यटकांशी बोलावं, यासाठी एक दिवसाची कार्यशाळा. आयोजक मी.

मी पुष्पाबाईला निमंत्रण द्यायला गेले. तिने ऐकून घेतलं. मग गजरा बांधता बांधता म्हणाली, “म्हणजे तू आमाले बोलाले शिकवतं?”

“हो.”

“आन् त्या साहेबाचं मौन सुटलं काय?”

“सुटलं.”

“मंग आण त्याले. त्या दिवसाचं लय बोलाचं राह्यलं हाय.”

कार्यशाळा सकाळी वेळेवर सुरू झाली. संपण्याची वेळ मी अहवालात लिहिलेली नाही, कारण ती संपली असं कोणी मान्य करत नव्हतं. सबनीसांना खास बोलावलं होतं. त्यांना दुपारी पुष्पाबाईकडे जेवायला नेलं, तिथून इस्त्रीवाल्याकडे, तिथून आणखी कुठे. संध्याकाळी ते बंटीभाऊंच्या गाडीवर मागे बसून परत आले. हातात लोणच्याची बरणी होती.

वॉक आता सुरू आहे, परकोटासकट, माझ्या गल्लीसकट. पाहुणे येतात. कोणीही तो एकट्याने पूर्ण करत नाही. त्यामुळे मी माझ्या कामाच्या यादीत एक ओळ वाढवली आहे, आणि नवीन माणसांना तीच आधी शिकवते : पाटी लावायच्या आधी बघावं, तिथे सावली आहे का. पाटी वाचायला मिनिट लागतं, पण माणूस तिथे तासभर उभा राहणार असतो.