ठोकळ्यांच्या विमानाची शेपटी

समोरच्या कापडदुकानातल्या अक्कांनी बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा माझ्या हातात दिला, तेव्हा आत चकल्या असणार अशी माझी खात्री होती. निघाले प्लॅस्टिकचे ठोकळे. लाल, पिवळे, पांढरे, एकमेकांत दाबून बसवायचे. शिवाय चाकं, लोखंडी दांड्या आणि फिरवायचं एक हँडल. अक्कांच्या मुलासाठी कधीतरी मुंबईहून आणलेले. अक्कांच्या घरी कन्नड आणि आमच्या घरी तेलुगू, त्यामुळे आमचं आपसातलं बोलणं सोलापुरी मराठीत चालायचं.

"आमचा पोरगा आता कॉलेजात गेला की," त्या म्हणाल्या. "घेऊन जा. तुज्या बापाच्या हाताला जरा काम हुईल."

नायना, म्हणजे माझे वडील, यंत्रमागावर चादरी विणायचे. मोठा दुष्काळ सरला त्या वर्षीच्या पावसाळ्यात मागाच्या पट्ट्यात त्यांचा उजवा हात सापडला. हाडं जुळली, पण अंगठा आणि शेजारची दोन बोटं वाकायला तयार होईनात. डॉक्टर म्हणाले, हलवत राहा. कारखान्याचा मालक बरा माणूस होता. गड्ड्याच्या जत्रेपर्यंत तुमचे माग तुमचेच, तोवर बदली माणूस लावतो, असं तो घरी येऊन सांगून गेला. गड्डा भरतो संक्रांतीला. तोवर नायनांच्या बोटांना गाठ मारता यायला हवी होती. मागावर उभा धागा तुटला की माग थांबवायचा, तुटलेलं टोक शोधायचं, गाठ मारायची आणि पुन्हा सुरू करायचं, सगळं डोळ्याचं पातं लवेपर्यंत. गाठीला वेळ लावणाऱ्याचं कापड निघत नाही, हे आमच्या गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

डबा बघून नायना म्हणाले, मी काय बाळ आहे का. अम्मा मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती. तिने मान वर न करता सांगितलं की बाळं निदान सांगितलेलं ऐकतात. मग नायनांनी एक ठोकळा उचलला.

ते ठोकळे दाबून बसवायला सोपे होते, सोडवायला महाकठीण. उजव्या अंगठ्याने सोडवताना नायनांच्या कपाळावर घाम यायचा. नजर चुकवून ते डाव्या हाताचा आधार घेत, आणि मी लगेच ओरडायचे. मला असली पोलिसगिरी फार आवडायची. पहिल्यांदा त्यांनी घर बांधलं, मग दुसरं घर बांधलं. तिसरं घर बघून मी वैतागले आणि म्हटलं, आता विमान करू. हँडल फिरवलं की पंखा फिरला पाहिजे, आणि दांडा ओढला की शेपटी हलली पाहिजे.

विमान आम्ही दोघांनीही पाहिलं होतं ते गल्लीतल्या शिंप्याच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर. शेपटीला दोन आडव्या फळ्या होत्या आणि त्यांच्या मागच्या कडेला वेगळ्या रंगाच्या पट्ट्या. त्या पट्ट्या कशाला, हा प्रश्न मला चावला तो चावलाच. शिंप्याला विचारलं. तो म्हणाला, शोभेला. शाळेत बाईंना विचारलं. त्यांनी मला वर्ग संपेपर्यंत उभं केलं, कारण तास भूगोलाचा होता. नायनांना विचारलं, तर ते स्वतःच कोड्यात पडले. त्या हलत असणार, एवढं मात्र त्यांनी ओळखलं. "सांधा दिसतोय ना," ते म्हणाले. "सांधा उगाच कोण करेल?"

मग ते पेटलेच. जुन्या वहीच्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापल्या. चादरीच्या कापडाचे तुकडे ठोकळ्यांच्या फटीत चिमटून बिजागऱ्या केल्या. विमानाच्या पोटात मधोमध अडकवलेला एक उभा दांडा बसवला. त्याचं वरचं टोक मागे ओढलं की खालचं टोक पुढे जायचं. एका टोकापासून डाव्या पट्टीला आणि दुसऱ्या टोकापासून उजव्या पट्टीला, अशा सुताच्या दोन दोऱ्या नेल्या. दोरी ताणली की पट्टी वर, सैल सोडली की खालून लावलेलं रबर तिला खाली ओढणार. गाठी अर्थात माझ्याकडे. नायना सांगत आणि मी मारत असे, आणि माझी गाठ सुटली की मागावर असती तर काय झालं असतं यावर एक व्याख्यान ऐकावं लागे.

सगळं जोडून त्यांनी दांडा ओढला. डावी पट्टी वर गेली, उजवी खाली आली. उलट ढकलला, तर उजवी वर आणि डावी खाली. नायना इतके खूष झाले की अम्माला हातातलं पान ठेवून उठावं लागलं. मला मात्र ते पटेना. विमानाला वर जायचं असेल तर अर्धी शेपटी वर आणि अर्धी खाली कशाला?

"एक वर गेली की दुसरी खाली येणारच की," नायना म्हणाले. "नाहीतर चालेल कसं?"

त्यांचंही खरं होतं. मागात उभे धागे दोन चौकटींतून ओवलेले असतात. एक चौकट उचलली की दुसरी खाली जाते, आणि मधल्या वाटेने आडवा धागा घेऊन धोटा पळतो. लहानपणापासून त्यांनी हेच पाहिलेलं. दोन पट्ट्या दिसल्या आणि नायनांनी विमानाच्या मागे माग बांधला. मी हसले, तर त्यांना राग आला. त्या दिवशी आमचं बोलणं बंद झालं.

दिवाळी होऊन गेली. मग एक दिवस गल्लीत बातमी आली की होटगी रोडच्या विमानतळावर पिकावर औषध मारायचं विमान उतरलंय. नायनांनी सायकल बाहेर काढली. मी पुढच्या दांड्यावर बसले. उजवा ब्रेक त्यांना धरता येत नव्हता, म्हणून उतार आला की आम्ही दोघं उतरून चालत होतो.

कुंपणाच्या तारेजवळ बरीच गर्दी होती. विमान लहानसं, पिवळं, ट्रकपेक्षा फार मोठं नाही. मला जरा वाईटच वाटलं. पण वैमानिक आत बसला, पंखा सुरू झाला, धूळ उडाली, आणि निघण्याआधी त्याने जागेवरच काहीतरी पुढेमागे केलं. शेपटीच्या दोन्ही पट्ट्या एकदम वर गेल्या, मग दोन्ही एकदम खाली आल्या. मी नायनांकडे विजयाने बघितलं. ते माझ्याकडे बघतच नव्हते. त्यांचं बोट पंखांकडे होतं. वैमानिकाने आता आतला दांडा आडवा कलवला असणार, कारण उजव्या पंखाच्या टोकाची पट्टी वर गेली होती आणि डाव्या पंखाची खाली.

"आपलं बरोबर होतं," नायना म्हणाले. "फक्त जागा चुकली."

घरी येईपर्यंत ते त्यावरच बोलत होते. एक पंख दबला आणि दुसरा उचलला की विमान कुशीवर वळणार. शेपटीच्या दोन्ही पट्ट्या एकदम उचलल्या की ढुंगण दबणार आणि तोंड वर होणार. अपघातानंतर ते इतकं कधी बोलले नव्हते. मी दांड्यावर बसून प्रश्नांची सरबत्ती लावली होती आणि त्यांच्याकडे प्रत्येकाला उत्तर होतं. त्यातली निम्मी उत्तरं त्यांनी तिथल्या तिथे रचली असावीत. मला त्याची पर्वा नव्हती. मी फार सुखात होते.

पुढच्या रविवारी दुपारी आम्ही शेपटी उसवली. आता दोन्ही दोऱ्या दांड्याच्या एकाच टोकाला बांधायच्या होत्या, आणि पंखांसाठी दुसरा दांडा लावून त्याच्या दोन टोकांना दोन दोऱ्या. मी दोरी हातात घेतली, तर नायना म्हणाले, दे इकडे.

त्यांनी दोरीचं टोक अंगठ्याखाली धरलं. ते निसटलं. पुन्हा धरलं. बोटं फार सावकाश वाकत होती. शेवटी गाठ बसली. मग दुसरी. त्यांनी दांडा ओढला आणि शेपटीच्या दोन्ही पट्ट्या एकदम वर आल्या. मी टाळ्या पिटत अम्माला सांगायला लागले की नायनांना गाठ आली, आता गड्ड्याच्या आत ते कामावर जाणार.

नायना त्या गाठीकडे बघत बसले होते.

"आली," ते म्हणाले. "पण एवढा वेळ मागावर कोण देतंय?" मग अम्माकडे वळून म्हणाले, "गड्ड्यापर्यंत थांबायला नको. माझे माग दुसऱ्याला द्या, असं उद्याच मालकाला सांगून येतो. त्या बदली माणसाचाही जीव उगाच टांगणीला लागलाय."

अम्माने विडी वळून पूर्ण केली आणि सुपात ठेवली.

"दिवाळीत नव्या शर्टाची बटणं तुम्ही मला लावायला सांगितलीत," ती म्हणाली. "तेव्हाच मला कळलं होतं. तुमचं तुम्हाला कळू दे म्हणून थांबले."

मला दोघांचाही भयंकर राग आला आणि रडू फुटलं. जगातल्या प्रत्येक गोष्टीबद्दल प्रश्न विचारणारी मी, त्या हाताबद्दल मात्र एकदाही कुणाला काही विचारलं नव्हतं. तो बरा होणार, हे मी धरूनच चालले होते.

नायनांनी मला रडू दिलं. मग म्हणाले, पंखांच्या दोऱ्या राहिल्यात. मी डोळे पुसून रीळ त्यांच्याकडे सरकवलं. त्या दुपारी पंखांच्या सगळ्या गाठी त्यांनीच मारल्या, सावकाश, एकेक करून. आता कसली घाई नव्हती.