मुरगळलेल्या पायाला ताप येत नाही

वसईजवळच्या उमेळ्यात कुणाचा हात निखळला, पाय मुरगळला की माणसं आमच्याच ओट्यावर यायची. माझ्या सासूबाई, बायजाबाई, हाड बसवायच्या. मी या घरात सून म्हणून आले ती लेप वाटायला आणि ओरडणाऱ्याला धरून ठेवायला. तेलाच्या वासाने माझं डोकं उठायचं. पण त्यांच्या हाताला गुण होता, खोटं कशाला बोलू?

त्रेचाळीस साली शेजारच्या मटिल्डाला आणलं. नऊ वर्षांची पोर, वाडीच्या बांधावरून पडलेली. गुडघ्याखाली सूज, अंग तापलेलं. सासूबाई म्हणाल्या, मुरगळलंय. तीन दिवस गरम तेलाने चोळलं. पोर किंचाळायची तसा त्या आणखी जोर लावायच्या, कारण दुखल्याशिवाय बसत नाही हा त्यांचा जन्माचा नेम. चौथ्या दिवशी पोर तापात बरळायला लागली. बापाने बैलगाडीत घालून वसईच्या डॉक्टरांकडे नेली. त्यांनी पाय चिरला, तर हाडातच पू झालेला.

सासूबाई मागोमाग गेल्या होत्या. डॉक्टर त्यांना रागावले नाहीत. "बाई, मुरगळलेल्या पायाला ताप येत नाही," एवढंच म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं.

मटिल्डा जगली, पण पाय आखूड राहिला आणि जखम वर्षानुवर्षं वाहिली. एकदा तिच्यातून मेल्या हाडाची बोटभर कपची निघाली. तिच्या आईने ती आमच्या ओट्यावर ठेवली आणि निघून गेली. सासूबाईंनी ती तपकिरीच्या डबीत घातली.

रोज सकाळी चर्चमध्ये मिस्साला जाताना मटिल्डा दारावरून जायची. एक पाऊल पडायचं, दुसरं ओढत यायचं. सासूबाईंचा घास हातातच राहायचा. ती लग्न होऊन अर्नाळ्याला गेली तरी त्यांना ते ऐकू येई. मी वैतागायचे, अहो, बाहेर कोणी नाही. त्या म्हणायच्या, आहे. तेव्हापासून कुणी आलं की त्या आधी त्याच्या कपाळाला हात लावायच्या. ताप असला की तेलाची वाटी परत आत.

सत्तावन्न साली एका दुपारी ती पावलं मलाही ऐकू आली. दारात मटिल्डा, कडेवर तीन वर्षांची ग्रेसी. पडली होती, दोन दिवस ताप, पाय टेकत नव्हती. मी फाडकन विचारलं, इथे कशाला आणलीस गं, तुला अक्कल आहे का?

"बायजामावशी दुसऱ्यांदा चुकायच्या नाहीत," ती म्हणाली.

सासूबाईंनी पोरीला ओट्यावर निजवलं. तिच्या कपाळाला हात लावला, मग घोट्यापासून एकच बोट हलकेच वर नेलं. गुडघ्याखाली एका जागी पोर कळवळली. त्यांनी टांगा मागवला आणि तो पाय मांडीवर धरून स्वतः वसईला गेल्या. मीही गेले.

आता तिथे नवा, तरुण डॉक्टर होता. पडलीय म्हणता ना, मुरगळला असेल, पट्टी बांधू, चार दिवसांनी दाखवा, म्हणाला. सासूबाई जागच्या उठल्या नाहीत.

"डॉक्टर, मुरगळलेल्या पायाला ताप येत नाही."

तो थबकला. त्याने तिथेच बोट दाबलं, सुई घातली, आणि सुईत पू आला. त्याच दिवशी पाय चिरून पू काढला. मग पेनिसिलिनची इंजेक्शनं किती दिवस चालली, मी मोजली नाहीत.

पावसाळ्यानंतर ग्रेसी आमच्या अंगणात धावली. मावशी, आता ती डबी टाका, असं मटिल्डा म्हणाली. सासूबाई रडल्या. "हिचा पाय वाचला गं. तुझा कुठून आणू?"

पुढच्याच वर्षी त्या गेल्या. डबी माझ्याकडे आहे, टाकायला हात धजत नाही. आता घास माझा थांबतो. सगळा गाव बायजाबाई चुकली म्हणतो. पण त्या तीन दिवसांत मटिल्डाचे खांदे मी दाबून धरले होते. तिचं अंग किती तापलंय, ते माझ्या हातांना कळत होतं.