पंखावरची शिवण

संग्रहालयात तिला सगळे ब्रशबाई म्हणत. बाकीच्या बायकांच्या हाती फडकी आणि बादल्या, हिच्या हाती मात्र मऊ केसांचा ब्रश. कारण काचेबाहेरच्या जुन्या वस्तू झटकायची परवानगी फक्त हिला. त्या ब्रशाचा तिला कोण तोरा! घरी नवऱ्याच्या टेबलावर बोटभर धूळ साचली तरी हिला पत्ता नसे, पण दालनात एक माशी बसली की कपाळाला आठ्या.

मधल्या दालनात विमानाचा एक पंख होता. न थांबता समुद्र ओलांडून गेलेल्या पहिल्या विमानाचा. बाकीचं विमान कुठे गेलं देव जाणे. उरला तो हा पंख, लाकडी सांगाडा आणि त्यावर ताणून शिवलेलं कापड. येणारे लोक वैमानिकाचा फोटो बघत आणि पुढे सरकत. शिवणीकडे कुणी ढुंकूनही पाहत नसे. ब्रशबाई एकोणीस वर्षं तेवढंच पाहत आली होती.

तिची आई त्या विमानाच्या कारखान्यात पंखांचं कापड शिवायची. ही दोन वर्षांची असताना ती तापाने गेली. मागे फोटो नाही, कपडा नाही, हाताचं अक्षर नाही. हिला आत्याने वाढवलं. आत्या सांगायची, "तुझी आई दर वितीला दुहेरी गाठ मारायची. वरचे घाई करा म्हणून ओरडायचे, पण तिने एक गाठ कधी सोडली नाही." आता दुहेरी गाठ तर कारखान्यातली प्रत्येक बाई मारायची, नियमच होता तो. पण आत्याच्या तोंडून ऐकलं की वाटे, ती गाठ आईनेच शोधून काढली असावी.

पंखावर शिवणीच्या बावीस ओळी होत्या. त्यातली आईची कुठली, हे कोण सांगणार? ब्रशबाईने आपलं आपणच ठरवून टाकलं: कडेची, सगळ्यांत घट्ट गाठींची. रोज सकाळी दारं उघडण्याआधी ती त्या ओळीवरून बोट फिरवी. ब्रश लावायचा, बोट नाही, हा नियम तिला तोंडपाठ होता. लेकीचं लग्न ठरलं तेव्हा, नवरा आजारी पडला तेव्हा, तिने आधी त्या गाठींना सांगितलं. माणसांना मात्र यातलं काही कळू दिलं नाही. हसतील म्हणून नव्हे. पंखाजवळ जाऊ देणार नाहीत म्हणून.

मग कापड जागोजागी विरू लागलं, आणि ते काढून नवं चढवायचं ठरलं. दुरुस्तीला एक तरुण साहेब आला. आठवडाभर ब्रशबाई त्याच्या अवतीभवती घुटमळली, न मागता चहा नेऊन दिला आणि शेवटी धीर करून विचारलं, कडेच्या ओळीचं वीतभर कापड मिळेल का. जुन्या वस्तूचा धागासुद्धा बाहेर जात नाही, हे तिला ठाऊक होतं. तो नाही म्हणाला असता तर तिने मुकाट्याने ऐकलं असतं. ते कुठल्या कपाटात ठेवणार, एवढंच विचारून घेतलं असतं.

साहेब हसला. चांगला मुलगा होता, खरंच.

"वीतभर कशाला मावशी, सगळंच न्या. हे मूळचं कापड नाहीच. विमान उतरलं तेव्हा लोकांनी आठवण म्हणून मूळचं फाडफाडून नेलं. हे नंतर चढवलंय. धागा बघा ना, नायलॉनचा आहे. तेव्हा नायलॉन होतं कुठे?"

ती "बरं" म्हणाली. त्याने कापडाची घडी केली, वर दोरी बांधली आणि तिच्या हातात दिली. नको म्हटलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं, म्हणून तिने ती घेतली.

घरी कॉटवर ते पसरून ती बसून राहिली. गाठी त्याच होत्या, बोटांच्या ओळखीच्या. कुणा दुसऱ्याच बाईने मन लावून मारलेल्या. तिला त्या बाईचा रागही येईना. रडू मात्र आवरेना. आई पहिल्यांदा गेली तेव्हा तिचं कळायचं वय नव्हतं. या वेळी सगळं कळत होतं. काय झालं म्हणून नवऱ्याने विचारलं, तर म्हणाली, डोळ्यात धूळ गेली.

दुसऱ्या दिवशी ती वेळेवर कामावर गेली. पंखाचा नुसता सांगाडा राहिला होता. तिने त्यावरून ब्रश फिरवला. सवयीने बोट कडेला गेलं, आणि तिथे काहीच नव्हतं.

साहेबाने आत येता येता विचारलं, "मावशी, कापड आलं का कामाला?"

"आलं," ती म्हणाली.