बाबांची आरोळी आणि बहिणीचा घसा

आमच्या घरात हळू बोलणाऱ्याला ताप आहे का ते बघतात. बाबांनी ग्वाल्हेरच्या माधवगंजात हाक मारली की पार महाराज बाड्याच्या चौकातले भाजीवाले तराजू खाली ठेवायचे, हे मी आजही शपथेवर सांगतो. आता बहीण नोकरीनिमित्त परगावी असते, बाबा थकलेत, आणि मला मात्र त्या गोंगाटाच्या पहाटा सारख्या आठवतात.

बहिणीला पोलिसात जायचं होतं. त्यासाठी धावण्याची चाचणी. बाबा फौजेतून निवृत्त, तेव्हा मैदानावर उस्ताद तेच. "छाती पुढे! ओढ श्वास! अजून ओढ!" दुसऱ्या फेरीलाच तिच्या गळ्यातून अशी शीळ निघायची की मालगाडीने बाजूला व्हावं. मग ती गळा धरून मटकन बसायची.

दमाच तो, असं सगळ्यांनी ठरवलं. मी स्कूटरवर तिच्यामागे फिरता दवाखाना: खिशात दम्याचा पंप, डिक्कीत ओव्याची पुरचुंडी, पायाशी गरम पाण्याचा थर्मास. पंपाने काडीचा फरक पडेना.

"दादा, छातीत नाही रे, हवा इथेच अडते," ती गळ्याला हात लावून सांगायची. ऐकतंय कोण! चाचणी तोंडावर आलेली, आणि आई म्हणत होती, "दम्याच्या मुलीला कोण घेणार?"

शेवटी घशाच्या डॉक्टरबाईंनी तिला दवाखान्याच्या जिन्यावर पळवलं. खालून बाबांची "ओढ, ओढ!" चालूच. शीळ सुरू होताच बाईंनी तिला आत खुर्चीत बसवून नाकातून बारीक दुर्बीण घातली. पडद्यावर दिसलं, श्वास घेताना उघडायला हवेत ते स्वरतंतू दाराच्या फळ्यांसारखे मिटत होते.

"फेफड़े बढ़िया हैं, ये दमा है ही नहीं," बाई म्हणाल्या. मग मागोमाग आत आलेल्या बाबांकडे वळून, "और अंकल, आप ज़रा चुप रहिए. जितना ज़ोर से खींचेगी, उतना गला बंद होगा."

फुप्फुसांच्या तपासण्यांतही तेच निघालं आणि पंप बंद झाला. औषध म्हणजे सराव: खांदे सैल, नाकातून सावकाश श्वास, ओठांचा चंबू करून फुंकर. बाबांना मैदानावर मौन. दाबलेल्या आवाजाने त्यांच्या मिशा चार बोटं वाढल्या.

चाचणीच्या दिवशी शेवटच्या फेरीत तिचा हात गळ्याकडे गेला. कुंपणाबाहेर बाबांनी छाती भरली. मी डोळेच मिटले. उघडले, तर आमचा फौजी ओठांचा चंबू करून फूऽऽ फूऽऽ करत होता, जणू अख्ख्या ग्वाल्हेरचा चहा गार करतोय. तिने पाहिलं. हात खाली आला, ओठ चंबू झाले, आणि ती वेळेत रेषेपार गेली.

कुंपणाशी येऊन ती हसत सुटली. "बाबा, काय भयंकर दिसत होतात!"

"गप," बाबा कुजबुजले. "आधी श्वास सोड."