ओल्या फडक्यातली भेंडी

वाशिंदजवळच्या एका पॅकहाउसमध्ये मी भाजीचा माल तपासते. आमची भेंडी परदेशात जाते, त्यामुळे तिच्यावर काळा डाग चालत नाही. शहापूर-मुरबाडकडे भात निघालं की भेंडी लागते आणि आमची गाडी गावोगाव फिरू लागते. किन्हवलीच्या पुढच्या एका गावात माल गोळा करण्याचं काम ज्या बाई बघतात, त्यांना मी काकू म्हणते. पहिल्या वर्षी मी त्यांचे क्रेट ताडपत्रीवर पालथे करून तळ बघायचे, आणि त्या माझ्याकडे रागाने बघायच्या. आमचं नातं एवढंच होतं.

डागांवर उपाय त्यांनीच काढला. भेंडी प्लॅस्टिकला घासली की काळी पडते, म्हणून त्यांनी जुन्या लुगड्याची झोळी कमरेला बांधून तोडणी केली. मी म्हटलं, तेच कापड ओलं करून क्रेटमध्येही अंथरू. थंडीभर माल छान गेला. पॅकहाउसच्या साहेबांनी माझी पाठ थोपटली आणि मी ती शाबासकी चार ठिकाणी मिरवली. एव्हाना मी काकूंकडे जेवायलाही बसू लागले होते. जिथे जेवायचं तिथलाच क्रेट पालथा करायचा म्हणजे कसंतरीच वाटे. मी वरचा थर बघून सही करू लागले.

ऊन तापलं आणि एक अख्खी गाडी परत आली. तळची भेंडी ओल्या फडक्यात उबून बुळबुळीत झाली होती. साहेब म्हणाले, त्या गावाचा माल बंद. ऐन हंगामात सगळ्या घरांची तोडणी थांबणार होती. मी हातापाया पडून शेवटची संधी म्हणून एक गाडी मागून घेतली. ती नापास झाली असती, तर पुन्हा विचारायची सोय नव्हती.

मी हे सांगितल्यावर काकू म्हणाल्या,

"तलाची काली पडते, मला ठाव व्हतं."

"मग बोलला का नाहीत?" मी चिडलेच.

"तू सगल्यांना कवतिकानं सांगत व्हतीस. तुला वाईट वाटंल म्हून बोलली नाय. आन तू तरी क्रेट कुठं पालथा केलास गो?"

मला राग आला, आणि तो त्यांचा नव्हता.

मग दोघींनी बसून ठरवलं. फडकं सुकंच ठेवायचं, तेही फक्त कडांना. तळ वाऱ्याला मोकळा. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या बायकांसमोर मी एकूण एक क्रेट पालथा केला. दोन क्रेटमध्ये निबर भेंडी निघाली. ते दोन्ही काकूंचे होते. मी ते बाजूला काढले. गाडी गेली, आणि आज काही जेवायला बोलावणं येणार नाही असं धरून मी चपला घातल्या.

"कुठं चाललीस? बस," काकू म्हणाल्या.

साहेबांचा फोन आला तेव्हा मी काकूंच्या ओट्यावर जेवत होते. साहेबांनी स्वतः क्रेट उघडून बघितले होते. माल पास होता, गाव चालू राहणार होतं. माझ्या ताटात नापास केलेल्या भेंडीची भाजी होती, चांगलीच चरबट.

काकूंनी आणखी वाढली आणि म्हणाल्या, "उद्या पन पालथे कर."