उलटीचा रकाना

आमच्या केंद्रातल्या सिस्टरना मुलांच्या आया 'घड्याळबाई' म्हणायच्या, आणि मी मनातल्या मनात त्याहून वाईट काहीतरी म्हणायचो. त्यांच्याबद्दल चार शब्द लिहायचे, तर हे आधीच कबूल केलेलं बरं. या हकिकतीत शहाणपण त्यांच्या वाट्याला आलं आहे, आणि उचलली जीभ लावली टाळ्याला हा प्रकार माझ्या.

काम असं होतं. हिवतापावरची जुनी गोळी आमच्याकडे लागू पडेनाशी झाली होती. ताप उतरला म्हणून घरी पाठवलेली मुलं तीन आठवड्यांनी तोच ताप घेऊन परत यायची. काही परत यायचीच नाहीत. नवी गोळी मोठ्या माणसांवर तपासून झाली होती आणि खणखणीत ठरली होती. आता ती पाच वर्षांखालच्या मुलांवर तपासायची होती. आईची संमती घ्यायची, मुलाच्या बोटातून रक्ताचा थेंब काढायचा, वजनाप्रमाणे गोळीची पूड पाण्यात कालवून तीन दिवस पाजायची आणि अठ्ठावीस दिवस त्याच्या मागावर राहायचं. मी चाचणीचा डॉक्टर होतो आणि सिस्टर औषध पाजणाऱ्या.

ही गोळी यावी असं आमच्यात सगळ्यात जास्त कुणाला वाटत असेल, तर ते सिस्टरना. सहा वर्षांपूर्वी त्यांची भाची याच तापाने, आमच्याच वॉर्डात गेली होती. चार वर्षांची होती. बहीण आजारी असायची, म्हणून पोरीला वाढवलं होतं ते सिस्टरनीच. एवढं सगळ्यांना माहीत होतं, आणि त्यापुढे विचारायची कुणाची छाती नव्हती.

औषध पाजल्यावर अर्धा तास मुलासमोर बसायचं, असा नियम होता. तेवढ्यात मूल ओकलं तर पूर्ण औषध पुन्हा द्यायचं. दुसऱ्यांदाही ओकलं तर त्याला चाचणीतून काढून दुसरे उपचार सुरू करायचे. बाकीच्या नर्स या अर्ध्या तासात कापसाचे बोळे करून ठेवायच्या, गप्पाही मारायच्या. सिस्टर स्टुलावर बसायच्या त्या बसायच्याच. एकदा मोठे साहेब पाहणीला आले. सगळे उठून उभे राहिले, पण सिस्टर जागच्या हलल्या नाहीत. "बसा ना साहेब, अकरा मिनिटं राहिलीत," म्हणाल्या. साहेब बसलेसुद्धा!

अडचण एकच होती. गोळी कडूजहर होती. आम्ही साखर घालून पाहिली, पण कडू कारलं साखरेत घोळलं तरी कडू ते कडूच. मुलं तोंड घट्ट मिटायची, लाथा झाडायची, आणि एकदाची प्यायली की काही भडाभडा ओकायची. कागदावर 'उलटी' असा रकाना होता. साठ मुलांत दहापेक्षा जास्त उलट्या झाल्या, तर गोळी लहान मुलांना सोसत नाही असं समजून चाचणी थांबवायची, असं आधीच ठरलं होतं. औषध गिळायच्या आत थुंकलं, तर मात्र ती उलटी धरायची नाही. या एका पळवाटेवर माझा डोळा होता.

अठ्ठावन्न मुलं झाली तेव्हा दहा उलट्या झाल्या होत्या. एकोणसाठावी मुलगी तीन वर्षांची होती, तापाने फणफणलेली, पण आवाज असा की भिंती हलाव्यात. सिस्टरनी औषध पाजलं आणि ती गप्प झाली. मी सुटकेचा निःश्वास टाकतो न टाकतो, तोच तिने सगळं सिस्टरांच्या मांडीवर ओकून टाकलं.

मी त्यांना बाजूला घेतलं. "सिस्टर, ही थुंकली."

"ओकली. चौथ्या मिनिटाला."

"गिळलंच नसेल तिनं."

"गिळलं. मी बघत होते."

"एका शब्दाचा तर प्रश्न आहे! गोळी चांगली आहे, तुम्हालाही माहितीय. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ झाकता येते, डॉक्टर. पोट कसं झाकणार?"

मग मी जे बोललो ते आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते. "निदान तुमच्या भाचीसाठी तरी," मी म्हणालो.

सिस्टरनी मांडी पुसली, तेच औषध पुन्हा मोजून कालवलं, मुलीला पाजलं आणि स्टुलावर बसल्या. मग तिच्यावरची नजर न काढता हळू आवाजात बोलू लागल्या.

"भाचीच्या कागदावर 'औषध दिले' असं लिहिलंय. दिलंच होतं. पण नंतर ती दाराशी जाऊन ओकली. मला वाटलं, लाळच जास्त दिसतेय, थुंकली असेल. पुन्हा पाजायचं म्हणजे पुन्हा तिची रडारड. माझ्याच्यानं होईना. पुढच्या पाळीच्या सिस्टरनी कागद वाचला. औषध दिलेलं दिसलं, म्हणून त्यांनी दिलं नाही. त्यांची काय चूक? अक्षर माझं होतं."

मी माफी मागायला तोंड उघडलं.

"आता बोलू नका," त्या म्हणाल्या. "सव्वीस मिनिटं बाकी आहेत."

दुसऱ्यांदा पाजलेलं औषध मुलीच्या पोटात राहिलं. कागदावर मात्र लिहिलं गेलं: उलटी, होय, चौथे मिनिट. साठावं मूल ओकलं नाही, पण अकरा ते अकराच. चाचणी थांबली.

पुढचे महिने वाईट गेले. नव्या गोळीचं नाव ऐकून लांबून आलेल्या आयांना दारातच सांगावं लागायचं, की ती आता मिळणार नाही. ते काम सिस्टरनी स्वतःकडे घेतलं. शिव्याही त्यांनीच खाल्ल्या. मग मुलाला जुनीच गोळी पाजून त्याच्यासमोर अर्धा तास बसायच्या. "एका बाईच्या हट्टापायी सगळं पाण्यात गेलं," असं मोठे साहेब बैठकीत म्हणाले, तेव्हा मी मान डोलावली. त्यांना अडवायची हिंमत माझ्यात नव्हती.

आठ महिन्यांनी गोळी बनवणाऱ्यांचं पत्र आलं. औषध घेतल्यावर किती मिनिटांनी मूल ओकलं, याची कुणाकडे नोंद आहे का? हीच चाचणी घेणाऱ्या इतर केंद्रांकडे नुसतं होय-नाही होतं, आणि 'थुंकले, थुंकले' असे शेरे पानोपानी. मिनिटं लिहिली होती ती फक्त सिस्टरनी. अकरापैकी नऊ मुलं पहिल्या पाच मिनिटांत ओकली होती, म्हणजे औषध अंगात भिनायच्या आधीच. तक्रार पोटाची नव्हती, जिभेची होती. औषध तेच ठेवून चव झाकायची, असं तिकडे ठरलं. त्यात आणखी दीड वर्ष गेलं. मग वर पातळ वेष्टण असलेले बारीक दाणे आले आणि चाचणी पुन्हा सुरू झाली.

या फेरीत साठ मुलांत तीनच उलट्या झाल्या. त्यातली पहिली माझ्यासमोर झाली.

पहिलाच दिवस, पहिलंच मूल. सिस्टर शेजारच्या खोलीत वजनं घेत होत्या, म्हणून स्टुलावर मी बसलो होतो. दोन वर्षांचा मुलगा मुकाट्याने औषध प्यायला, माझ्याकडे बघून हसलासुद्धा. चोविसाव्या मिनिटाला ओकला. माझी तर पाचावर धारण बसली. त्याच्या आईने झटकन रुमालाने सगळं पुसून घेतलं.

"थुंकला हो नुसता," ती काकुळतीला येऊन म्हणाली. "त्याला काढू नका. कुणी बघितलं नाही."

खोलीत खरंच दुसरं कुणी नव्हतं. मी पेन उचललं, रकाना भरला आणि सिस्टरना हाक मारली. त्या आल्या, कागद वाचला आणि औषध मोजायला लागल्या.

"लिहिलंत ना शेवटी," आई रडत म्हणाली.

"लिहिलं," मी म्हणालो. "म्हणून तर त्याला पुन्हा औषध मिळणार आहे."

सिस्टरांचे डोळे भरून आले होते. त्यांनी औषधाची वाटी माझ्या हातात दिली आणि पुढच्या मुलाचं वजन करायला निघून गेल्या.