हातभर पाण्याखाली

त्या उन्हाळ्यात लातूरचे नळ कोरडे पडले होते. टँकर आला की गल्लीत घागरींची भांडणं लागायची. आणि अशा दिवसांत आम्ही दोघं म्हातारा-म्हातारी निघालो होतो तळ्याकाठी मुक्कामाला! शेजारच्या सुमनवहिनी फाटकात उभ्या राहून म्हणाल्या, "अहो, तळ्यात पाणी राहिलंय का ते तरी विचारलंत का?" मी म्हटलं, "राहिलं नाही, म्हणूनच तर चाललेय." त्यांना काही उमगलं नाही. तुम्हाला नीट सांगते.

माझं माहेर उदगीरच्या पुढे, मुखेडकडे जाताना. मी शाळकरी असताना तिथे तलाव झाला आणि सगळं गाव उठून वर माळावर गेलं. त्याच्या थोडंच आधी माझे वडील गेले होते. आम्ही लिंगायत. आमच्यात माणसाला जाळत नाहीत, स्वतःच्या शेतात बसवून माती देतात आणि वर समाधीचा ओटा बांधतात. घर वर नेता आलं, म्हशी नेता आल्या, चौकटीसुद्धा उपटून नेल्या. बाबांना कुठून नेणार? शेत बुडालं, त्याबरोबर तेही बुडाले. तेव्हापासून त्यांच्यावर कुणी बेलाचं पान वाहिलेलं नाही. माझं लग्न झालं, नोकरी झाली, नातवंडं झाली, पण ही सल काही गेली नाही. या दुष्काळात तलावाचं पाणी तळाला गेलं आणि जुन्या समाध्या उघड्या पडल्या असं माहेरच्या एका बाईकडून कळलं. मग मी ह्यांना सुखानं जेवू दिलं नाही.

आमचे हे एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त झाले. घरी बसून भिंती मोजायला नकोत म्हणून त्यांनी एक जुना टेम्पो घेतला आणि त्याचं फिरतं घर केलं. आत पलंग, गॅसची शेगडी, छताला पंखा, मागे पाण्याची टाकी. मुलं त्याला ऐटीत मोटरहोम म्हणतात. मी म्हणते खटारा. उतारावर त्याची भांडी वाजायला लागली की बँडबाजा निघाल्यासारखं वाटतं. पण खरं सांगू? खिडकीशी पाय पसरून बसायचं, हवं तिथे थांबून चहा टाकायचा, हे सुख मला भारी आवडतं. ह्यांच्यासमोर मी ते कबूल करत नाही एवढंच.

उदगीरला न्याहारीला थांबलो. सुशीला (भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा तिखट उपमा म्हणा ना) आणि वर कांदा. हॉटेलात वाद पेटला होता तो जिल्ह्याचा. उदगीर जिल्हा होणार, होणार, हे मी किती वर्षं ऐकतेय! गल्ल्यावरचा माणूस तर छातीठोकपणे म्हणाला, "औंदा होतोयच बघा जिल्हा. फिक्स."

ह्यांनी विचारलं, "जिल्हा झाला की पाणी येईल का हो?"

"पानी न्हाई येत, कलेक्टर येतो. पर त्याला तरी आंघोळीला पानी लागंल का न्हाई? मग आमालाबी मिळंल की थोडं!"

सगळं हॉटेल हसलं. प्यायला पाणी मागितलं तर मात्र पोरानं अर्धाच गिलास भरला, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

दुपारी मुक्कामाशी पोचलो. एका शेतकऱ्यानं तळ्याकडेच्या वावरात कडुलिंबाखाली चार तंबू ठोकलेत, गाड्या उभ्या करायला जागा केलीय आणि वर पाटी लावलीय, 'तळ्याकाठी मुक्काम'. मालकाचं नाव मन्मथ. चाळिशीचा, हसरा. "शरणार्थ, शरणार्थ!" असा आमच्यातला नमस्कार करत पुढे आला. तळं कुठंय म्हणून मी पाहते तर समोर नुसती भेगाळलेली काळी माती, आणि पार तिकडे, उन्हात, चकाकणारी एक चिंधी.

"काठ जरा लांब गेलाय, काकू," मन्मथ खजील होऊन म्हणाला. "पाटी आमी सुगीत लावली होती."

आता गप्प राहतील तर ते आमचे हे कसले! पाण्याकाठी म्हणून आलोय, पाण्याकाठीच गाडी लावणार. मन्मथ म्हणत होता, "काका, वरून वाळलंय, खालून न्हाई." ह्यांनी गाडी खाली घातली. थोडं अंतर गेली असेल नसेल, मागचं चाक पापड फुटावा तसं आत गेलं. भांडी खणाखणा वाजली, लोणच्याची बरणी माझ्या मांडीवर. शेवटी ट्रॅक्टर आणून खटारा ओढून काढला आणि निमूटपणे लिंबाखाली उभा केला. मी साडीवरचं लोणच्याचं तेल ह्यांच्यासमोरच पुसत बसले. बोलण्यापेक्षा ते ह्यांना जास्त लागतं.

जेवण मन्मथच्या आईनं, गंगाबाईनं केलं. ज्वारीची भाकरी, पातळ पिठलं, शेंगदाण्याची चटणी. भांडी धुवायला पाणी नको म्हणून पळसाच्या पत्रावळी. "पुण्याची मान्सं येतेत अन् तळ्यातले मासे मागतेत," ती म्हणाली. "आमच्यात चालत न्हाई म्हनलं की तोंड पाडून बसतेत." मग तिनं माझ्याकडे टक लावून पाहिलं. "तू गुरुपादप्पाची लेक न्हवं? कोळ्याच्या वळणावर घर होतं ती?" ती आमच्या गावात सून म्हणून आली होती, मी तेव्हा फ्रॉकमध्ये. त्या क्षणापासून ती माझी वहिनी झाली आणि मी तिची वन्सं. साठी उलटल्यावर कुणी वन्सं म्हणणारं भेटावं, फार बरं वाटलं.

सकाळी ऊन चढायच्या आत मी आणि हे निघालो. तांब्यात आमच्या टाकीतलं पाणी, पदरात बेल आणि विभूती. चालत चालत आम्ही माझ्या माहेरात शिरत होतो. हा वेशीचा दगड, हा कुणाचातरी उंबरा. विहिरीचं कडं दिसलं आणि मला धावावंसं वाटलं. विहिरीच्या अंगाला बाबांचं शेत! तिथे एक ओटा होता, वर झिजलेला नंदी. मी खाली बसले. गाळ हातानं खरवडला, पाणी घातलं, विभूती लावली, बेल वाहिला. आणि मग जे रडू फुटलं! आईचं शेवटचं आजारपण, माझी नोकरी, नातवाचे पराक्रम, सगळं सांगितलं बाबांना. हे लांब उभे राहून टोपीनं डोळे पुसत होते.

तेवढ्यात मागून गंगावहिनी धापा टाकत आली.

"अगं वन्सं, काय करायलीस? ही तर काशप्पाची हाय!"

काशप्पा! बाबांचा बांधशेजारी. बांधावरून दोघांनी जन्मभर भांडण केलं, समोर आले की एकमेकांकडे पाठ करायचे. त्याला मी अभिषेक घातला होता, वर घरातलं सगळं सांगून बसले होते. ह्यांना हसू आवरेना. "बाबा वरून म्हणत असतील, लेक गेली शत्रूच्या गोटात!" मीही डोळे पुसता पुसता हसत सुटले. असू दे, म्हटलं, त्यालाही किती वर्षांत कुणी पाणी घातलं नसेल.

"मग बाबांची कुठंय?"

वहिनीनं पाण्याकडे बोट केलं. "विहिरीच्या खाल्ल्या अंगाला, त्या तिथं. अजून पान्यात हाय. हातभर उतरलं की नंदीचं शिंग दिसतंय बघ. आठ-धा दिस राहा की."

हे लगेच म्हणाले, "राहू या. पीठ आहे, गॅस आहे. घाई कुणाला आहे?"

माझा जीव तिथेच अडकला. हातभर! आयुष्यभर वाट पाहिली आणि आता हातभर राहिलं. मी खरंच मनात म्हणाले, उतर रे पाण्या, उतर.

आणि मग मला मन्मथ दिसला. तो आणि चौघं-पाचजण कमरेएवढ्या चिखलात उभे राहून पाण्याच्या मोटरीला पाइप जोडत होते. पाणी मागे सरकत होतं, तसा पाइप पुढे जात होता. वरच्या गावाला प्यायला तेवढंच. काठावर बायका घागरी घेऊन बसल्या होत्या, त्यांत माझ्या वर्गातली एक होती. पाणी किती दिवस पुरेल, मी वहिनीला विचारलं.

"हातभर उतरलं तर मोटर हवा घेती, पानी वढत न्हाई," ती सहज म्हणाली. "मग टँकरच."

मला माझीच लाज वाटली. मी गुडघाभर पाण्यात शिरले, वहिनीनं दाखवल्या जागेच्या रोखानं उरलेला बेल सोडला आणि हात जोडले. ह्यांना म्हटलं, "चला, आवरा. आज निघू."

टाकीतलं उरलेलं पाणी आम्ही वहिनीच्या रांजणात ओतलं. तिनं वाटेसाठी धपाटे बांधून दिले. खटारा हलका होऊन पळत होता. मी शांत होते, बरी होते. उदगीर मागे पडल्यावर ह्यांनी हळूच विचारलं, "पाण्यात उभी राहून काय मागितलंस बाबांकडे?"

"म्हटलं, बाबा, मी जिवंत असेपर्यंत तुम्ही मला दिसू नका."